बिनआवाजाचे पंखे

नाना खोकले की माझं हातातलं काम थांबतं. आणि नाना खोकायचे तेव्हा नेमका माझा कॉम्प्युटर घरघरत असायचा.

हा योगायोग आहे अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. मग एका सकाळी मुद्दाम कान लावून बसले. मशीन शांत होतं तोवर भिंतीपलीकडची त्यांची खोलीही शांत होती. मशीनने आवाज चढवला आणि पलीकडे नानांना ढास लागली. मशीन निवलं, नाना निवले. दुपारी पुन्हा तेच. खोकला संपतो न संपतो तोच हाक आली, "ताई, जरा पाणी दे गं." म्हणजे जागही आली होती. मशीनच्या घरघरीने नाना दचकून उठतात आणि मग त्यांना ढास लागते, असा माझा निष्कर्ष तिथल्या तिथे पक्का झाला. माझे निष्कर्ष नेहमी असेच झटपट होतात. एकदा झाले की मग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

नाना म्हणजे माझे वडील. हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, त्यातून कसेबसे सावरले आणि माझ्याकडे राहायला आले. तेव्हापासून अंगात ताकद म्हणून उरली नाही. तांब्या उचलायला गेले की हात लटपटतो, बाथरूमला जायचं तर कुणीतरी धरून न्यावं लागतं. कुणीतरी म्हणजे मीच, घरात तिसरं माणूस नाही. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "छातीवर लक्ष ठेवा. पाणी भरपूर द्या. पुन्हा असं झालं तर या वयात झेपायचं नाही." हे शेवटचं वाक्य मी तेव्हापासून उशाशी घेऊन झोपते.

आणि माझं काम असं की त्यात आवाजाला जागा नाही. म्हणजे माझा आवाज सोडून. मी पुस्तकं वाचते, लोक ती कानाला लावून ऐकतात. घरातल्याच एका खोलीत दाराला गादी टेकवायची, खिडकीला जाड पडदा ओढायचा, माइकसमोर बसायचं आणि एकेक प्रकरण वाचायचं. प्रकरण झालं की रेकॉर्डिंग साफ करायला लावायचं. त्या सफाईच्या वेळी कॉम्प्युटरला जो काही जोर करावा लागतो त्याने तो तापतो आणि आतले पंखे बेभान सुटतात. टेबल खोलीच्या एका भिंतीला लागून, कॉम्प्युटरचा डबा खाली त्याच भिंतीला टेकलेला आणि भिंतीपलीकडे नानांच्या पलंगाचं डोकं. नानांचे कान आता मंद झालेत, माझं वाचन त्यांना पलीकडे अजिबात ऐकू येत नाही. पण घरघर भिंतीतून थेट उशीत जायची.

पहिल्यांदा ते इथे आले तेव्हा मी काय करते ते बघायला दारात खुर्ची टाकून बसले होते. नाना जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मी वाचते आहे म्हटल्यावर त्यांना छापखाना आठवलाच. "आमच्याकडे प्रुफं वाचायला बसलो की अख्खं दुकान चिडीचूप. एक जण मोठ्याने वाचणार, दुसरा डोळ्यांनी धरणार. शिंक आली तर माणूस रस्त्यावर जाऊन शिंकायचा. आणि एकदा का पान मंजूर होऊन मशीन सुरू झालं, की मग काय विचारतेस! खोकणं, शिंकणं, भांडणं, सगळं तेव्हाच." ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की ती सुरू झाली की माझे कान आपोआप मिटतात. त्या दिवशीही मी "हो नाना, हो" म्हणत माइकची वायर सरळ करत बसले.

त्यांच्या उशाशी मी एक छोटी घंटी ठेवली होती. ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. तशी गरजच पडत नसेल, असं मी धरून चालले होते.

मी पंखे बदलायचं मनावर घेतलं ते मात्र आणखी एका माणसामुळे. मी ज्या कंपनीसाठी पुस्तकं वाचते तिथे आमची रेकॉर्डिंग तपासणारा एक गृहस्थ आहे. त्याला मी कानसेन म्हणते, अर्थात त्याच्यामागे. सध्याची कादंबरी चांगली जाडजूड, आणि तिची सुरुवातीची प्रकरणं कानसेनाने एकजात परत पाठवली. 'पार्श्वभूमीला घरघर. पुन्हा करावे.' मी पुन्हा केली. पुन्हा परत आली. मग त्याने फोनच केला.

"ताई, तुमचा आवाज छानच आहे हो. पण तुम्ही कुठे बसून वाचता? पिठाच्या गिरणीत?"

"कॉम्प्युटरचे पंखे आहेत ते. वाचताना हळूच फिरतात, पण माइक तेवढंही पकडतो."

"मग त्यांचं काहीतरी करा. वरून दबाव आहे. पुढच्या वेळी असंच आलं, तर ते दुसरा आवाज घेतील. मी मध्ये काही बोलू शकणार नाही."

म्हणजे पोट आणि वडील दोन्ही त्या पंख्यांवर टांगलेले. एरवी मी राईचा पर्वत करते हे मला कबूल आहे, पण या वेळी राई बऱ्यापैकी मोठी होती.

दोन रस्ते सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदार बोलका आणि त्याला दिव्यांची भयंकर हौस. काउंटरवर त्याने माझ्यासमोर एकापेक्षा एक झगमगते पंखे मांडले. निळे, जांभळे, एक तर रंग बदलत होता.

"मला दिवे नकोत. मला आवाज नको."

"मॅडम, दिवे आवाज करत नाहीत."

"मग त्यांचं मला कामही नाही."

तो हिरमुसला, पण माणूस कामाचा होता. आत जाऊन साधे काळे पंखे घेऊन आला आणि समजावून सांगायला लागला. मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुष्कळ हवा ओढतो, म्हणून तो शांत. लहान पंख्याला तेवढ्याच हवेसाठी जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. तुमच्या डब्यात सगळे लहान भरलेत, म्हणून ते कोकलतात. शिवाय स्क्रू घट्ट पिळून बसवलेला पंखा सगळ्या पत्र्याला थरथरवतो, आणि पत्रा भिंतीला. त्याऐवजी रबराच्या खुंट्यांवर बसवला की थरथर तिथेच मरते. मला हे सगळं पटत गेलं. जिवाच्या आकांताने फिरणारं लहान काहीतरी कसं कोकलतं, याचा मला स्वतःवरूनच अनुभव आहे.

"आवाज किती, ते खोक्यावर लिहिलंय बघा."

"खोक्यावर काहीही लिहितात. मला ऐकायचंय."

आता भर रस्त्यावरच्या दुकानात पंखा ऐकायचा म्हणजे लग्नाच्या वरातीत घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं. शेवटी तो मला मागच्या कोठीत घेऊन गेला. चारी बाजूंनी खोकी, मधे एक स्टूल, त्यावर वीज द्यायचा एक डबा. त्याने दार लावून घेतलं आणि एकेक पंखा जोडून सावकाश फिरवायला लागला. मी वाकून, श्वास रोखून, कान पंख्याजवळ नेऊन ऐकत होते. आमच्याकडे कुणी पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

"हा नको."

"का? काय झालं?"

"टिकटिकतोय. एका फेऱ्याला एकदा."

त्याने कान लावला. तोंड वेडंवाकडं केलं. "मला तर काही ऐकू येत नाही."

"मला येतंय ना."

बोटाने पाती हळूच ढकलून बघितल्यावर त्यालाही ते जाणवलं. आतला दांडा कुठेतरी जरासा अडत होता. "मॅडम, तुमचे कान आहेत की काय आहे!" तो म्हणाला, आणि मी मनातून सुखावले. कानांचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? पुढे त्याने आणखी किती खोकी उघडली कोण जाणे, पण मी एकेक पंखा नाकारत नाकारत अखेर समोरचे दोन, मागचा एक आणि मधल्या तापणाऱ्या भागावरचा एक असे चार निवडले. निवडताना प्रत्येकाला मनात एकच प्रश्न विचारत होते, की तू माझ्या वडिलांना उठवशील का?

बसवायला तो दुसऱ्या दिवशी घरी आला. डबा उघडला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"यात पंखे आहेत की लोकर?"

धूळ उडून नानांच्या छातीत जायला नको म्हणून मी तो डबा त्याला गॅलरीत न्यायला लावला, गॅलरीचं दार लावून घेतलं, दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. तो बिचारा उन्हात बसून ब्रशने धूळ झाडत होता आणि मी काचेतून पाहत होते. जुने पंखे त्याने काढून बुटाच्या एका रिकाम्या खोक्यात घातले. नवे रबराच्या खुंट्यांवर बसवले. मग डबा आत आणून जागेवर ठेवला, वायरी जोडल्या आणि हात झटकून म्हणाला, "झालं. चालू आहे."

"कशावरून?"

खरंच काही कळत नव्हतं. त्याने कागदाची एक पट्टी फाडून पुढच्या जाळीसमोर धरली. पट्टी हलकेच आत ओढली गेली आणि जाळीला चिकटून बसली. मी मुद्दाम जुनं रेकॉर्डिंग सफाईला लावलं. मशीन तापलं, पट्टी जास्तच घट्ट चिकटली, आवाज मात्र नाही. भिंतीवर हात ठेवून पाहिला. भिंत मुकी होती.

मी नानांकडे पळाले. ते पलंगावर पाठीशी उशी घेऊन बसले होते.

"ताई, तुझं यंत्र बंद पडलं का गं?"

"नाही नाना, चालू आहे! आता त्याचा आवाजच येणार नाही. तुम्हाला त्रास होत होता ना त्याचा, झोपमोड व्हायची. तुमच्यासाठी मुद्दाम शोधून आणलेत पंखे."

"अस्सं," नाना म्हणाले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "छान केलंस हो."

त्या दिवसापासून खोकला थांबला.

मला इतकं हुश्श झालं म्हणून सांगू! मी वाचत होते, सफाई होत होती, पुन्हा वाचत होते आणि पलीकडून ना ढास ना हाक. कानसेनाचा निरोप आला, 'आता कसं! गिरणी बंद झालेली दिसते.' पाठोपाठ प्रकरणं मंजूर होत गेली. दुकानदाराला मी फोन करून आभार मानले. मला रडू यायचंच बाकी होतं.

पण काळजीची सवय अशी जाते थोडीच. आवाज नाही म्हटल्यावर मशीन बंद तर पडलं नाही ना, ही नवी चिंता लागली. दर थोड्या वेळाने मी खाली वाकून कागदाची पट्टी बघायचे. चिकटलेली दिसली की बरं वाटायचं. नानांच्या खोलीतही मी मधूनमधून डोकावायचे, पण हलक्या पावलांनी, झोपमोड नको म्हणून. ते डोळे मिटून पडलेले असायचे. छाती वरखाली होते आहे ना, तेवढं बघून मी परत फिरायचे.

जेवण घेऊन गेले की मात्र एखादी जोराची ढास लागायची.

"काय झालं? खोकला आला का पुन्हा?"

"छे गं, ठसका लागला." मग पाणी मागायचे, पण ते थोडंच प्यायचे आणि भांडं बाजूला सारायचे. जेवणही अर्धंच.

"आवडलं नाही का?"

"आवडलं की. हल्ली भूक कमी झालीय." आणि एकदा म्हणाले, "हल्ली तुझं वाचन थांबतच नाही गं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखं चालू. घशाला जप."

"काम खूप आहे ना, नाना," मी म्हटलं. खरं तर मी एकसारखं कुठे वाचत होते? मधे सफाई होती, चहा होता, कानसेनाचे फोन होते. पण म्हाताऱ्या माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही, असं मला वाटलं, आणि वडील माझ्या घशाची काळजी करतात याचं मला कौतुकच वाटलं.

मग त्यांचे ओठ सुकायला लागले. मी लोणी लावलं. बोलणं कमी झालं. दुपारी बाथरूमला न्यायला हाक मारायचे तेही बंद झालं. सकाळी मी नेईन तेव्हा आणि रात्री झोपण्याआधी, एवढंच. मी विचारलं तर म्हणाले, "लागत नाही मधे." चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. बोट ठेवून दाखवावं असं काही सापडत नव्हतं. खोकला नाही, झोपमोड नाही, घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी एवढी शांतता, आणि माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता. एका सकाळी त्यांच्या कपाळाला हात लावला तर ते कोमट लागलं. नेहमीपेक्षा जास्त कोमट.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी नानांना पुढे वाकवून पाठीवर नळी लावली आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या.

"उजव्या बाजूला खाली कफ साठलाय. खोकत नाहीत का हे?"

"नाही ना! खोकला तर पूर्ण थांबलाय," मी जवळजवळ फुशारकीनेच सांगितलं.

"थांबायला नको होता. कफ बाहेर कसा पडणार? आणि पाणी? जीभ बघा किती कोरडी आहे." त्या नानांकडे वळल्या. "आजोबा, खोकला दाबताय का?"

नानांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, वाफ द्यायला सांगितली आणि दाराशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "उद्यापर्यंत उतार पडला नाही तर दाखल करू. मागच्या वेळेसारखं लांबवायला नको." मागच्या वेळेचं नाव काढल्याबरोबर मला ती यंत्रं, त्या नळ्या, तो काचेपलीकडचा पलंग सगळं दिसायला लागलं.

मी नानांना वाफ दिली, औषध दिलं, पाठीवरून हात फिरवत बसले. त्यांनी थोडं खोकून पाहिलं आणि दमले.

"तू जा. तुझं काम अडलंय."

"जाऊ दे ना काम."

"ताई, जा. शेवटचं प्रकरण राहिलंय म्हणालीस ना. मी झोपतो जरा. उगाच माझ्या उशाशी बसून माझ्याकडे टकमक बघू नकोस, मला झोप येत नाही त्याने."

हे त्यांचं नेहमीचंच. म्हणून मी उठले. घंटी त्यांच्या हाताशी सरकवली आणि दार किलकिलं ठेवलं.

माइकसमोर बसले खरी, पण वाचणार काय, कपाळ! एकेक वाक्य तीनतीनदा चुकत होतं. नायिका समुद्रकिनाऱ्यावर उभी होती आणि मला तिच्या जागी पाठीला लावलेली नळी दिसत होती. शेवटी रेकॉर्डिंग बंद केलं आणि नुसती बसून राहिले. पट्टी जाळीला चिकटली होती. सगळं बिनआवाजात नीट चाललं होतं.

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. हळू आवाजात म्हटलं, "काय?"

"मॅडम, ते जुने पंखे टाकले नाहीत ना? मागच्या बाजूचा होता बघा, तो एका गिऱ्हाइकाला हवाय, तसा आता मिळत नाही. चालू आहे का तेवढं बघून सांगता? आत एक वायर मोकळी सोडलीय, तिला लावा की फिरेल."

नाही म्हणायचं होतं, पण हाताला काहीतरी काम हवंच होतं. बुटाचं खोकं टेबलाखालून काढलं. मागचा पंखा ओळखून बाहेर घेतला, डब्याचं झाकण सरकवलं, मोकळी वायर शोधली आणि पंखा टेबलावर भिंतीला टेकवून ती जोडली.

जुनी घरघर एकदम खोलीभर झाली. टेबल थरथरायला लागलं, टेबलावरची पेन्सिल घरंगळली.

आणि भिंतीपलीकडून खोकला आला.

तो ठसका नव्हता. आतून, खोलवरून, छाती फोडून निघावा तसा तो खोकला होता. एक उबळ संपली की दुसरी. बांध फुटल्यासारखा तो येतच राहिला. मी वायर ओढायला हात पुढे केला. माझंच डोकं! मीच पुन्हा मशीन लावून त्यांना त्रास दिला, हेच पहिल्यांदा मनात आलं. हात वायरपर्यंत पोचला होता, तेवढ्यात खोकला थांबला, घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग नानांची हाक आली. किती दिवसांत ऐकली नव्हती तशी, मोकळी, मोठ्याने मारलेली हाक.

"झालं का गं तुझं? पाणी दे बरं आधी! आणि मला बाथरूमला ने, चल."

मी वायर सोडली. पंखा तसाच घरघरत ठेवून पलीकडे गेले. नाना उशीवरून उठून बसले होते, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि हातातल्या फडक्यात पुष्कळसा कफ. मी भांडं त्यांच्या तोंडाला लावलं. ते सगळं पाणी प्यायले. पुन्हा भरून दिलं, तेही प्यायले.

"नाना, तुम्हाला कसं कळलं, माझं झालंय ते?"

"म्हणजे काय?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मशीन सुरू झालं की. मशीन सुरू झालं म्हणजे पान मंजूर. मग बोलायला मोकळीक." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "हल्ली ते बिनआवाजाचं बसवलंस, तेव्हापासून तुझं कधी संपतं तेच समजेना. मी आपला पडून राहायचो. म्हटलं, मधेच खोकलो आणि तुझं अख्खं पान वाया गेलं तर? तू तरी किती वेळा वाचशील एकच पान?"

मी हातातल्या रिकाम्या भांड्याकडे बघितलं.

"आणि पाणी?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं. जावं लागलं की तुला हाक मारावी लागते."

"अहो, मग मला सांगायचं ना! घंटी आहे, एवढी उशाशी ठेवलीय!"

"प्रुफ वाचताना घंटी वाजवतं का कुणी?" नाना मला रागावले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तू ते माझ्यासाठी म्हणून शोधून आणलंस ना. इतकी खूश होतीस. काय सांगायचं?"

म्हणजे ते आधीही मशीनमुळे खोकत नव्हते. मशीन सुरू व्हायची वाट बघत होते. वाचन चालू असेपर्यंत छातीत धरून ठेवायचे आणि घरघर सुरू झाली की सोडायचे. माझा बाप रोज, प्रत्येक पानाला, माझ्यासाठी शिंक घेऊन रस्त्यावर जात होता, आणि एका फेऱ्याला एकदा टिकटिकणारा पंखा ऐकू येणाऱ्या मला ते ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना धरून बाथरूमला नेलं, परत आणलं आणि तिथेच त्यांच्या पलंगावर बसून ढसाढसा रडले. नाना गडबडले.

"अगं, रडतेस काय? पान चुकलं का?"

"नाही नाना. पान बरोबर आहे."

भिंतीपलीकडे पंखा घरघरतच होता, आणि मशीन चालू आहे म्हटल्यावर नानांच्या एकेक मागण्या बाहेर यायला लागल्या. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय. पायाची नखं वाढलीत, चादरीत अडकतात. डाव्या बाजूची खिडकी अर्धी लाव, झोत येतो. काल जेवणात मीठ नव्हतं. नाही, परवाही नव्हतं. मी नखं काढत बसले आणि ते खोकत होते, बोलत होते, पाणी पीत होते.

दुकानदाराला मी कळवलं की पंखा मिळणार नाही. उलट त्यालाच बोलावलं. त्याने जुना पंखा एका लाकडी फळीवर बसवला, फळी दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीला ठोकली आणि माझ्या हाताशी बटण काढून दिलं. "मॅडम, लोक आवाज घालवायला येतात," एवढंच तो म्हणाला, आणि मी त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. कफ कमी झाला होता, संपला नव्हता. "अजून दोन दिवस बघू," म्हणाल्या. म्हणजे माझा जीव अजून टांगणीलाच होता. पण नानांचा ताप उतरला होता आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे मिठाची तक्रार केली.

संध्याकाळी शेवटचं प्रकरण वाचायला बसले. आता मी एका दमात वाचायचं नाही असं ठरवलं होतं. एक पान, मग थांबायचं. नानांना सांगून आले, "वाचायला बसते हं." त्यांनी मान डोलावली आणि घसा एकदा खाकरून घेतला, छापखान्यात घेत असतील तसा.

पहिलं पान झालं. रेकॉर्डिंग थांबवलं आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. नेला आणि तसाच ठेवला. खोलीत कुठेच आवाज नव्हता. कानसेनाला हवी तशी, मी कोठीत वाकून वाकून निवडून आणलेली ती शांतता होती. मी भिंतीला कान लावला. पलीकडे काहीही ऐकू येत नव्हतं. पलंग करकरत नव्हता, श्वाससुद्धा कळत नव्हता, आणि मला आता माहीत होतं की तिथे एक म्हातारा माणूस ओठ घट्ट मिटून, छातीवर हात धरून बसला आहे.

मी घाईघाईने बटण दाबलं.